फिटलेल्या घरावर पुन्हा बोजा

२०२३ च्या सप्टेंबरात महालक्ष्म्यांचं पूजन झालं, प्रसादाची जेवणं उरकली आणि त्याच रात्री नागपुरात पाऊस कोसळला. २३ तारीख उजाडेपर्यंत काही तासांत शंभर मिलिमीटरहून जास्त पाणी पडलं होतं. अंबाझरी तलाव भरून वाहिला आणि एरवी पुलावरून जाताना लक्षातही न येणारी नाग नदी अंबाझरी लेआउट, डागा लेआउट, कार्पोरेशन कॉलनी, शंकरनगर या वस्त्यांमधून वाहू लागली. मोरभवन बसस्थानकातल्या बसगाड्या पाण्यात उभ्या राहिल्या, लष्कराला बोलवावं लागलं, माणसं दगावली. सुमारे दहा हजार घरांत पाणी शिरल्याचं सरकारने सांगितलं आणि घरामागे दहा हजार रुपयांची तातडीची मदत जाहीर केली.

पाणी ओसरल्यावर जो हिशेब सुरू झाला, तो दहा हजारांचा नव्हता. छपाई फुगून भिंतीपासून सुटली, दारांच्या चौकटी वाकड्या झाल्या, वायरिंग आणि फ्रीज गेले, फरशीखालची भर बसली. या वस्त्यांमधली बरीच घरं तीस-चाळीस वर्षांपूर्वीची, कर्ज फेडून मोकळी झालेली. घरात बहुतेक दोघंच, आजी-आजोबा. भविष्य निर्वाह निधी मुलांच्या शिक्षणात आणि लग्नात खर्च झालेला, मुदतठेव दुखण्याखुपण्यासाठी राखून ठेवलेली. अशा घरात कुणीतरी कधीतरी हे वाक्य बोलतंच: ‘घर आहे ना, त्यावर काढा.’

पूर हे निमित्त. पूर न येताही नागपूरच्या जुन्या लेआउटमधल्या घराघरांत आज हाच विषय आहे. स्लॅब गळतो, सळ्या उघड्या पडल्या, न्हाणीघर वरच्या मजल्यावर आहे आणि गुडघे चढू देत नाहीत. जागेची किंमत कोटीच्या घरात आणि हातात येणारी पेन्शन काही हजारांत. या दोन आकड्यांमधलं अंतर हाच या लेखाचा विषय आहे. फिटलेल्या घरावर पुन्हा कर्ज काढण्यात कमीपणा आहे असं मला मुळीच वाटत नाही. पण ते कर्ज कशासाठी, कुणाच्या उत्पन्नातून फिटणार आणि कोणत्या कागदावर उभं राहणार, हे तीन प्रश्न आपण फार घाईने ओलांडतो. त्या घाईची किंमत शेवटी त्या घरात राहणारं म्हातारं माणूस भरतं.

ही घरं कुणी बांधली ते आधी आठवायला हवं. नागपूर १९५६ पर्यंत मध्य प्रदेशाची राजधानी होतं. राजधानी गेली, तरी कचेऱ्यांचं शहर ही ओळख गेली नाही. महालेखापालांचं कार्यालय, रेल्वे, रिझर्व्ह बँक, वीज मंडळ, वेस्टर्न कोलफील्ड्स म्हणजे वेकोलि, अंबाझरीचा आयुधनिर्माणी कारखाना, शाळा-कॉलेजं. या नोकरदारांनी नागपूर सुधार प्रन्यासच्या, म्हणजे नासुप्रच्या, किंवा गृहनिर्माण संस्थांच्या लेआउटमध्ये दोन-तीन हजार चौरस फुटांचे प्लॉट घेतले. १९७७ साली एचडीएफसी सुरू होईपर्यंत सामान्य पगारदाराला घरासाठी कर्ज देणारी खासगी संस्था देशात जवळजवळ नव्हतीच. खात्याकडून मिळणारी घरबांधणी अगाऊ रक्कम, सोसायटीचं कर्ज, बायकोचे दागिने आणि गावाकडच्या शेतीचा एखादा तुकडा, एवढ्यातून ही घरं उभी राहिली. एक मजला आधी, दुसरा दहा वर्षांनी. पगारातून हप्ता कापला जाण्याचा शेवटचा महिना त्या घरांत सणासारखा साजरा झाला. त्या पिढीला घरावर पुन्हा बोजा चढवायचा म्हटलं की पोटात गोळा येतो, आणि त्या भीतीला मी जुनाट म्हणणार नाही. व्याजाचा दर कळण्याआधी जप्ती पाहिलेली ही माणसं आहेत. १९३३ साली मध्य प्रांत सरकारला शेतकऱ्यांच्या कर्जासाठी ऋण समझोता मंडळांचा कायदा करावा लागला, पुढच्याच वर्षी सावकारांच्या नियंत्रणाचा. ज्यांच्या आजोबांनी गहाणखतात शेत घालवलं, त्यांची नातवंडं आज पेन्शनर आहेत.

आता ही घरं म्हातारी झाली. त्यांचं दुखणं समजल्याशिवाय कर्जाचा आकडा ठरवणं म्हणजे तपासणी न करता औषध घेणं. नागपूरच्या बऱ्याच भागात जमिनीत काळी माती आहे. ही माती पावसाळ्यात पाणी पिऊन फुगते, उन्हाळ्यात आकसते. १९८०च्या आसपास उथळ पायावर बांधलेल्या घरांच्या भिंतींना खिडकीच्या कोपऱ्यापासून तिरप्या भेगा जातात, त्या यामुळे. रुरकीच्या केंद्रीय इमारत संशोधन संस्थेने अशाच मातीसाठी तळाशी फुगीर असलेल्या खांबांच्या पायाची पद्धत रूढ केली, पण लेआउटमधल्या घरांत तेव्हा मिस्त्री सांगेल तो पाया पडे. ही भेग पुट्टीने बुजवून रंग दिला तर पुढच्या मे महिन्यात ती परत येते.

दुसरं दुखणं स्लॅबचं. काँक्रीटच्या आत सळई टिकते ती काँक्रीटच्या अल्कधर्मी गुणामुळे. हवेतला कार्बन डायऑक्साइड आणि झिरपणारं पाणी वर्षानुवर्षं आत शिरत जातं, तसा तो गुण कमी होतो. सळईवरचं आवरण पातळ राहिलं असेल तर हे लवकर होतं. सळई गंजते, गंज मूळ लोखंडापेक्षा कितीतरी जास्त जागा व्यापतो आणि आतून काँक्रीट फोडतो. छताचे पोपडे पडायला लागतात तेव्हा हे काम बरंच पुढे गेलेलं असतं. त्यात नागपूरचा उन्हाळा. २३ मे २०१३ रोजी इथे ४७.९ अंशांची नोंद झाली होती. दिवसभर तापलेली गच्ची जूनच्या पहिल्या पावसात एकदम थंड पडते, त्या ताणाने कोब्याला भेगा जातात. खिडकीबाहेर चार महिने चालणाऱ्या कुलरचं पाणी एकाच भिंतीवर ठिबकत राहतं, तेही आहेच.

हे सगळं इतकं सविस्तर लिहिण्याचं कारण साधं आहे. दुरुस्तीच्या नावाखाली काढलेल्या कर्जातला मोठा वाटा आजकाल भलत्याच गोष्टींवर जातो. मॉड्युलर किचन, पीओपीचं छत, दिवाणखान्यातली टीव्हीची भिंत, चार बाय दोनच्या चकचकीत टाइल्स. ठेकेदाराचा अंदाजपत्रकाचा कागद या वस्तूंनी भरलेला असतो, आणि गंजलेल्या स्लॅबच्याच खाली ते पीओपी चढतं. पोपडे आता दिसत नाहीत, सळई गंजतच राहते. गळणाऱ्या गच्चीवर जुना कोबा न काढता नवा थर ओतला तर त्या दुबळ्या स्लॅबवर आणखी वजन चढतं. माझं मत स्पष्ट आहे. घर तारण ठेवून काढलेला पैसा पाया, स्लॅब, पाणी, वीज आणि म्हातारपणी लागणारं खालच्या मजल्यावरचं न्हाणीघर यांच्यावरच जावा. बाकीची हौस बचतीतून करावी, नाहीतर राहू द्यावी. आणि कर्जाचा अर्ज भरण्याआधी ठेकेदाराला नाही, स्ट्रक्चरल इंजिनिअरला बोलवावं. त्याची फी कर्जाच्या तुलनेत किरकोळ असते, आणि कोणत्या कामांना हात लावायचा नाही हेही तोच सांगतो. रंग, छपाई, फरशी यांसारख्या कामांना महापालिकेची परवानगी लागत नाही. भिंत हलवायची, खांब बदलायचा, मजला चढवायचा तर लागते, आणि पुढे बँकेचा मूल्यमापक नेमकं तेच बघायला येतो.

मग कर्ज कोणतं? इथे पहिली चूक काउंटरवरच होते. मोकळं घर आहे म्हटल्यावर समोरचा माणूस बहुधा ‘लोन अगेन्स्ट प्रॉपर्टी’ पुढे करतो, म्हणजे मालमत्ता तारण कर्ज. पैसा कशासाठी हवा ते फारसं विचारलं जात नाही, रक्कम एकदम खात्यात पडते, सोपं वाटतं. त्याच इमारतीत, कधी त्याच टेबलावर, घरदुरुस्तीचं कर्ज वेगळं असतं. ते गृहकर्जाच्या जातीचं, दर गृहकर्जाच्या जवळपास, म्हणजे सहसा तारण कर्जापेक्षा कमी. त्यासाठी कामाचं अंदाजपत्रक द्यावं लागतं, पैसा टप्प्याटप्प्याने मिळतो, मधे पाहणीला माणूस येतो. लोकांना ही कटकट वाटते. मला तर तोच त्याचा गुण वाटतो, कारण पैसा खरोखर स्लॅबवर खर्च होतो आहे की नाही, हे ठेकेदाराला तुमच्याखेरीज आणखी कुणीतरी विचारत असतं.

दराइतकीच मुदत महत्त्वाची, पण तिच्याकडे कुणी पाहत नाही. समजा दहा लाख काढले. ९ टक्क्यांनी १५ वर्षांसाठी हप्ता येतो सुमारे १०,१४३ रुपये, आणि एकूण व्याज सव्वाआठ लाखांच्या आसपास. तेच १० वर्षांत फेडलं तर हप्ता १२,६६८, व्याज पाच लाख वीस हजार. तारण कर्जाचा दर १०.५ टक्के आणि मुदत १५ वर्षं धरली, तर व्याज नऊ लाख नव्वद हजारांवर जातं, म्हणजे जवळजवळ मुद्दलाइतकं. आता गमतीचा भाग असा, की घर तारण न ठेवता १२ टक्क्यांनी पाच वर्षांचं वैयक्तिक कर्ज मिळालं तर व्याज साडेतीन लाखांच्याही आतच राहतं. दर जास्त, व्याज कमी, आणि घराचे कागद कपाटातच. अडचण हप्त्याची: महिन्याला २२,२४४ रुपये. दोन कमावत्या माणसांच्या घरात ते झेपू शकतं, एकट्या पेन्शनमध्ये नाही. म्हणून दोन-तीन लाखांच्या वॉटरप्रूफिंगसाठी घर गहाण ठेवू नये असंच मी म्हणेन. गहाण ठेवण्याला स्वतःचा खर्च असतो: वकिलाचा शोध अहवाल, मूल्यांकन, प्रक्रिया शुल्क, कर्जाच्या रकमेवर मुद्रांक शुल्क. शिवाय मूळ खरेदीखत बँकेकडे ठेवून कर्ज घेतलं की महाराष्ट्रात २०१३ पासून ‘नोटीस ऑफ इंटिमेशन’ ३० दिवसांत दुय्यम निबंधकाकडे दाखल करावी लागते. लहान कर्जाला हा सगळा खर्च जड जातो.

व्याजदर बदलता असतो हे सगळ्यांना माहीत आहे, पण त्याचा अर्थ हप्ता सुरू झाल्यावरच कळतो. बँकांची नवी बदलत्या दराची किरकोळ कर्जं १ ऑक्टोबर २०१९ पासून रेपोसारख्या बाहेरच्या दराशी जोडलेली आहेत. मे २०२२ पर्यंत रेपो ४ टक्के होता, फेब्रुवारी २०२३ मध्ये तो साडेसहावर गेला, २०२५ मध्ये पुन्हा उतरू लागला. चढत्या काळात बहुतेक ठिकाणी हप्ता तोच ठेवून मुदत वाढवली गेली आणि कर्जदाराला पत्ताही लागला नाही. ऑगस्ट २०२३ मध्ये रिझर्व्ह बँकेने सांगितलं, की दर बदलताना हप्ता वाढवायचा की मुदत, याचा पर्याय कर्जदाराला द्यायलाच हवा. बिगरबँक वित्त कंपन्यांना मात्र बाहेरच्या दराशी जोडण्याची सक्ती नाही, त्यांचा दर त्या स्वतः ठरवतात. उतरत्या काळात हा फरक खिशाला जाणवतो. १ ऑक्टोबर २०२४ पासून प्रत्येक किरकोळ मुदत कर्जासोबत ‘की फॅक्ट स्टेटमेंट’ देणं बंधनकारक आहे. त्यात सगळी शुल्कं आणि सोबत चिकटवलेला विमा धरून वार्षिक दर किती पडतो ते एका आकड्यात लिहिलेलं असतं. सही करण्याआधी तो आकडा बघावा. बदलत्या दराच्या कर्जावर व्यक्तीकडून मुदतपूर्व फेडीचा दंड घेता येत नाही, तेव्हा मुलाच्या बोनसमधून किंवा मोडलेल्या ठेवीतून मधेच रक्कम भरता येते, आणि भरावी.

प्राप्तिकराच्या सवलतीवर फार विसंबू नये. घर घ्यायला किंवा बांधायला काढलेल्या कर्जाच्या व्याजावर दोन लाखांपर्यंत वजावट मिळते ती सगळ्यांच्या तोंडी असते. दुरुस्तीच्या कर्जावर, स्वतः राहत्या घरासाठी, ती फक्त ३० हजार आहे, तीही जुन्या करप्रणालीत.

आता कागद. नागपुरात कर्ज अडतं ते बहुतेक वेळा उत्पन्नावर नाही, कागदावर. पुण्या-मुंबईत राहणाऱ्या मुलांना हे पटकन समजत नाही. घर वडिलांच्या नावावर आहे, चाळीस वर्षं टॅक्स भरतो आहोत, मग बँकेला हवंय काय? बँकेला हवा असतो तो जमिनीचा वंश. नासुप्रचा प्लॉट असेल तर तो बहुधा भाडेपट्ट्यावर आहे. पट्ट्याची मुदत संपली का, नूतनीकरण झालं का, ग्राउंड रेंट थकला का, आणि गहाण ठेवायला नासुप्रचं ना-हरकत प्रमाणपत्र आहे का, हे सगळं पुढे येतं. सिव्हिल लाइन्स, धंतोलीसारख्या जुन्या भागांत जमीन नझूलची निघते, म्हणजे मालक सरकार आणि तुम्ही पट्टेदार. नागपूर आणि अमरावती विभागांतल्या नझूल भूखंडांसाठी राज्य सरकारने २०२४ मध्ये विशेष अभय योजना आणली, ती याच अडचणीतून.

आणि मानेवाडा, नंदनवन, दिघोरी, हुडकेश्वर या बाजूंना गेलं की शब्दच वेगळे. ‘प्लॉट आरएलचा आहे का?’ शेतजमिनीचे तुकडे पाडून, अकृषक परवान्याशिवाय विकलेल्या हजारो प्लॉटांवर हे अर्धं शहर उभं आहे. ५७२ लेआउट, १९०० लेआउट हे आकडे नागपूरकरांना पाढ्यांइतके पाठ आहेत. २००१ च्या गुंठेवारी कायद्याने त्यांना नियमित होण्याची वाट दिली. अर्ज केला, डिमांड म्हणजे मागणीपत्राची रक्कम भरली, की नियमितीकरणाचं पत्र, म्हणजे आरएल, मिळतं. ज्यांनी तेव्हा डिमांड भरली नाही, त्यांच्या हातात आज साठेखत आणि कब्जापत्र आहे, घरात तीस वर्षांचा संसार आहे, आणि बँकेच्या लेखी तारण शून्य. अशा घरांसाठी कर्ज द्यायला ज्या कंपन्या तयार होतात, त्या दर चढा लावतात. त्या घरांनी आधी आरएलचा खर्च करावा आणि मग दुरुस्तीचा, हे सांगताना मला बरं वाटत नाही, कारण गळणारं छत वाट बघत नाही. पण क्रम हाच आहे.

याहून नाजूक गाठ वारसांची. वडील गेले, मृत्युपत्र नाही. हिंदू वारसा कायद्याप्रमाणे आई, मुलगे आणि मुली सगळ्यांचा सारखा वाटा. सिटी सर्व्हेच्या आखीव पत्रिकेवर मात्र अजून वडिलांचंच नाव. आईला छत दुरुस्त करायचंय, कर्ज हवंय, तर आधी वारसांची नोंद, मग सगळ्या हिस्सेदारांच्या सह्या किंवा हक्कसोडपत्र. इथे घराघरांत जे घडतं ते मला सर्वांत अस्वस्थ करतं. दुरुस्तीसाठी म्हणून लेकींकडून हक्कसोडपत्र घेतलं जातं, आणि काम संपल्यावर घर भावाच्या नावावर राहतं. बहिणींना सही करताना वाटलेलं असतं की आईच्या डोक्यावरचं छत होतंय. कर्जासाठी बहिणींनी हक्क सोडण्याची गरज नसते. सहमालक म्हणून त्या गहाणखतावर सही करू शकतात आणि हक्क तसाच राहतो. वकील हा पर्याय क्वचितच स्वतःहून सांगतो, म्हणून विचारावा लागतो. हक्क सोडायचाच असेल तर तो आईच्या नावे सोडता येतो, हेही.

पेन्शनरांच्या बाबतीत आणखी एक पेच आहे. कर्ज देणारे बहुतेक जण फेड वयाच्या ७० ते ७५ पर्यंत संपावी असं पाहतात. ६८ वर्षांच्या माणसाला १५ वर्षांचं कर्ज मिळतं ते मुलाला सहकर्जदार करूनच. म्हणजे हप्ता मुलाचा, घर वडिलांचं. मुलगा हप्ता भरतो, पण मालक नसल्याने त्याला त्या व्याजाची करवजावट मिळत नाही, आणि पुण्यात स्वतःचा फ्लॅट घेताना हेच कर्ज त्याच्या पात्रतेतून वजा होतं. दहा वर्षांनी वाटणीची वेळ आली, की ‘घर मी सोडवलं’ हे वाक्य येतं, आणि ते खोटंही नसतं. त्यामुळे कर्जाच्या पहिल्या हप्त्याआधी वडिलांनी, किंवा आईने, मृत्युपत्र करावं आणि हप्ते भरणाऱ्याच्या रकमेचं काय करायचं ते त्यात लिहावं. कटु बोलणी जिवंतपणी, चहाच्या टेबलावर झालेली बरी.

ज्यांच्या मागे हप्ता भरणारं कुणी नाही, किंवा ज्यांना मुलांकडे हात पसरायचा नाही, त्यांच्यासाठी देशात एक व्यवस्था २००७ पासून आहे आणि तिची चर्चा जवळजवळ होत नाही. रिव्हर्स मॉर्गेज. राष्ट्रीय आवास बँकेच्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार ६० वर्षांवरच्या व्यक्तीला स्वतःच्या, राहत्या, बोजा नसलेल्या घरावर हे कर्ज मिळतं. नवरा-बायको मिळून घेणार असतील तर एकाचं वय ६० आणि दुसऱ्याचं ५५ पुरतं. त्या तत्त्वांत पैसा कशासाठी वापरता येईल याची जी यादी आहे, तिच्यात घराची दुरुस्ती आणि सुधारणा हा उद्देश ठळकपणे आहे. हप्ता नाही. दोघांपैकी एक जण जरी त्या घरात राहत असेल, तरी कर्जाची मागणी होत नाही. व्याज मुद्दलात मिळत जातं, दोघांच्या पश्चात घराच्या किमतीतून वसुली होते. घर विकण्याआधी वारसांना रक्कम भरून घर सोडवण्याची पहिली संधी द्यावी लागते, आणि कर्ज घराच्या किमतीपेक्षा जास्त वाढलं तरी फरकाची वसुली वारसांकडून होत नाही. मिळालेल्या रकमेवर प्राप्तिकरही नाही. अट अशी, की घराचा कर भरायचा, विमा ठेवायचा, घर नीट ठेवायचं आणि त्यात राहायचं. सलग वर्षभर घर बंद ठेवून मुलाकडे अमेरिकेत राहिलं तर बँक वसुली सुरू करू शकते.

हे कर्ज इतकं कमी का घेतलं जातं? बँकांना त्यात उत्साह नाही, कारण पैसा कधी परत येईल ते ठाऊक नसतं. आणि आपल्याला ते नकोसं वाटतं, कारण घर मुलांसाठी ठेवायचं असतं. पण ज्या मुलांचं घर हैदराबादला किंवा ह्यूस्टनला झालंय, ती नागपूरचं घर पुढे विकणारच असतात. अशा घरात आईने मोडक्या न्हाणीघरात पाय घसरून पडायचं आणि प्लॉट मात्र अखंड मुलांच्या हाती द्यायचा, हा त्याग मला पटत नाही. मुलांनाही तो पटत नसावा. त्यांना कुणी विचारलेलं नसतं, एवढंच.

हप्ते थकले तर काय होतं, हे गहाण ठेवताना कुणी सांगत नाही. ९० दिवस थकबाकी राहिली की खातं अनुत्पादक ठरतं. मग २००२ च्या सरफेसी कायद्याखाली ६० दिवसांची नोटीस, त्यानंतर प्रतीकात्मक ताबा, आणि शेवटी जिल्हा दंडाधिकाऱ्यांमार्फत प्रत्यक्ष ताबा. हे सगळं दिवाणी दावा न लावता. कर्जदाराने ४५ दिवसांत कर्जवसुली न्यायाधिकरणात दाद मागायची असते, ते न्यायाधिकरण नागपुरातच आहे. सहकारी बँक म्हणजे आपली माणसं, ती असं करणार नाहीत, हा समज अजून आहे. कोल्हापूर जिल्ह्यातल्या मुरगूडच्या सहकारी बँकेच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने ५ मे २०२० रोजी निर्णय दिला, की सहकारी बँकांनाही हा कायदा वापरता येतो. दोन हप्ते चुकल्यावर बँकेत स्वतः जाऊन मुदत बदलून मागणारा माणूस बहुधा वाचतो. टपालाने आलेली नोटीस टीव्हीखालच्या ड्रॉवरमध्ये ठेवणारा वाचत नाही.

याहून वाईट वाट खासगी सावकाराची. बँकेने कागदावरून नाकारलं की तो भेटतो. तो गहाणखत करत नाही, सरळ विक्रीखत करून घेतो, ‘पैसे दिले की परत करून देऊ’ या तोंडी शब्दावर. कागदोपत्री ती विक्रीच. २०१४ च्या महाराष्ट्र सावकारी नियमन कायद्याखाली सहकार खात्याच्या जिल्हा उपनिबंधकाकडे अर्ज करता येतो आणि सावकारीच्या व्यवहारात हडपलेली मालमत्ता परत मिळू शकते. पण त्यासाठी तो व्यवहार सावकारीचा होता हे सिद्ध करावं लागतं, आणि रोखीने दिलेल्या व्याजाची पावती कुणाकडेच नसते.

आता विमा. पुराने हे उघड केलं: कर्ज चालू असलेल्या घरांना बँकेने विमा उतरवायला लावलेला असतो, फिटलेल्या घरांना कुणी विचारत नाही. कर्ज संपलं त्याच वर्षी अनेकांचा विमाही संपलेला असतो. १ एप्रिल २०२१ पासून सर्व सर्वसाधारण विमा कंपन्यांना ‘भारत गृह रक्षा’ ही एकसारख्या अटींची पॉलिसी द्यावी लागते. तीत आग, वीज, वादळाबरोबर पूरही येतो, विम्याची रक्कम जागेच्या भावावर नाही तर घर पुन्हा बांधण्याच्या खर्चावर धरली जाते आणि घरातल्या सामानालाही ठराविक मर्यादेपर्यंत आपोआप संरक्षण मिळतं. नाग नदीच्या आणि पिवळी नदीच्या काठच्या घरांनी दुरुस्तीच्या अंदाजपत्रकात पहिली ओळ याच हप्त्याची लिहावी.

राहिला प्रश्न कागद परत मिळण्याचा. मूळ खरेदीखत, आखीव पत्रिका, मंजूर नकाशा, आरएल, लीज डीड बँकेत देताना प्रत्येक कागदाच्या नावासह, पानांच्या संख्येसह पोच घ्यावी आणि तिची प्रत दुसऱ्या शहरातल्या मुलाकडे किंवा मुलीकडे ठेवावी. पंधरा वर्षांत शाखा बदलतात, बँका विलीन होतात. रिझर्व्ह बँकेच्या १३ सप्टेंबर २०२३ च्या आदेशानुसार, कर्ज पूर्ण फिटल्यापासून ३० दिवसांत कागद परत द्यावे लागतात आणि नोंदवलेला बोजा काढावा लागतो. उशीर बँकेच्या चुकीने झाला तर दर दिवसाला ५,००० रुपये कर्जदाराला द्यायचे, आणि कागद हरवले तर दुय्यम प्रती मिळवण्याचा खर्च बँकेने सोसायचा. १ डिसेंबर २०२३ पासून हे लागू आहे. कर्जदार मधेच गेला तर वारसांना कागद कसे परत मिळतील याची पद्धतही बँकेने आधीच जाहीर केलेली असायला हवी. कर्ज फिटल्यावर सरसाईच्या केंद्रीय नोंदवहीतला तारणाचा शेरा निघाला का ते शुल्क भरून ऑनलाइन बघता येतं. सिटी सर्व्हेच्या आखीव पत्रिकेवर बोजा चढला असेल तर तो उतरवण्यासाठी बँकेचं पत्र जोडून वेगळा अर्ज करावा लागतो, आणि तो अर्ज बहुतेक जण करतच नाहीत.